बार्शीचं ‘बार’ कसं झालं: पायथॉनमध्ये स्ट्रिंगचा तुकडा काढायला शिका

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या युनिटमध्ये मी काही वर्षं डिस्पॅचचं काम बघायचो. गठ्ठ्यांवर चिकटवायची लेबलं आधी हाताने लिहायचो, मग संगणकावर काढायला लागलो. लेबल लहान, गावाचं नाव मोठं. पायथॉन, म्हणजे प्रोग्राम लिहायची एक भाषा, नुकतंच शिकलो होतो, तेव्हा त्याला सांगितलं: गावाच्या नावातली पहिली तीन अक्षरं घे आणि छाप.

दुसऱ्या दिवशी सकाळी पॅकिंगचे अण्णा लेबलांची पट्टी हातात धरून टेबलापाशी उभे. “सर, हा माल बारमध्ये पाठवायचाय का?”

बार्शीच्या सगळ्या गठ्ठ्यांवर ‘बार’ छापलं गेलं होतं. मोहोळवर ‘मोह’, करमाळ्यावर ‘करम’, माळशिरसवर ‘माळ’. अक्कलकोटच्या लेबलावर तर नुसतं ‘अक्’, उचकी लागल्यासारखं. दिवसभर पॅकिंगमध्ये तोच विषय. चूक पायथॉनची नव्हती, मी सांगितलं तेच त्याने केलं होतं. त्याची मोजायची रीत आणि माझी रीत वेगळी, एवढंच. ही रीत एकदा डोक्यात बसली की मजकुराचा हवा तो तुकडा काढणं अवघड नाही. नव्याने शिकणाऱ्यांसाठी ती इथे पायरीपायरीने सांगतो.

आधी थोडी तयारी

लॅपटॉपवर पायथॉन टाकलेलं असेल तर त्याच्यासोबत येणारं आयडल उघडा. नसेल तर ब्राउझरमध्ये गूगल कोलॅब उघडा. गूगलचं खातं असलं की पुरतं, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. विंडोजची ती जुनी काळी खिडकी शक्यतो टाळा. तिच्यात मराठी काना-मात्रा सुट्या किंवा चौकोनी डबे होऊन दिसतात आणि नवशिक्याला वाटतं आपलंच काही चुकलं. कोलॅबमध्ये एका खान्यात अनेक ओळी लिहिल्या तर उत्तर फक्त शेवटच्या ओळीचं दिसतं, म्हणून सुरुवातीला एका खान्यात एकच गोष्ट विचारा.

आता एक महत्त्वाची सूचना. या लेखात सगळं देवनागरीत छापलंय, कोडसुद्धा. तुम्ही टाइप करताना लेन, फाइंड, स्प्लिट ही पायथॉनची स्वतःची नावं इंग्रजी अक्षरांत, सगळी स्मॉल लिहायची. कंसातले आकडेही इंग्रजी कीबोर्डवरचे हवेत. मराठी ४ कंसात टाकलात तर पायथॉन हे अक्षर मला चालत नाही म्हणून सिंटॅक्स एरर देतं. पण अवतरणचिन्हांच्या आत तुमचं राज्य आहे. तिथे मराठी अक्षरं, मराठी आकडे, काहीही चालतं. व्हेरिएबलची, म्हणजे मजकूर ज्यात ठेवतो त्या डब्यांची, नावंही मराठीत चालतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. गाव, पिन, चिठ्ठी अशी नावं पायथॉन ३ बिनतक्रार घेतं. नोकरीच्या ठिकाणी इंग्रजी नावंच ठेवा, पण शिकताना मराठी नाव बरं पडतं, कारण आपलं काय आणि पायथॉनचं काय हे लगेच वेगळं दिसतं.

पायरी १: टेप शून्यापासून सुरू होते

अवतरणचिन्हांत लिहिलेला कोणताही मजकूर म्हणजे स्ट्रिंग. सोलापूर मुख्य टपाल कार्यालयाचा पिन घेऊ.

पिन = "४१३००१"

यातले पहिले तीन आकडे हवेत:

पिन[०:३]

उत्तर येतं '४१३'.

नवीन माणूस इथे दोनदा अडखळतो. सुरुवात १ पासून का नाही? आणि शेवट ३ लिहिला, तर ३ क्रमांकाचं अक्षर आलं का नाही?

दोन्हींचं उत्तर शिंप्याच्या टेपमध्ये आहे. टेप कापडाच्या कडेला लावली की कडेवर शून्य येतं, एक नव्हे. पहिला इंच शून्याच्या आणि एकच्या रेघेमध्ये असतो. टॉवेल मागावर सलग पट्ट्यासारखा विणला जातो आणि मग कात्रीने सुटा करतात. कात्री चालते ती दोन टॉवेलांच्या मधल्या फटीत, कुणी टॉवेलाच्या पोटात कात्री घालत नाही. पायथॉनच्या चौकोनी कंसातले आकडे म्हणजे या फटी. पिनभोवतीच्या फटी अशा समजा:

० ४ १ १ २ ३ ३ ० ४ ० ५ १ ६

वाचायला विचित्र वाटेल, म्हणून कागदावर सहा चौकोन काढा, त्यात पिनचे आकडे लिहा आणि चौकोनांमधल्या रेघांवर ० ते ६ लिहा. मग [०:३] म्हणजे शून्याच्या रेघेवर एक कात्री, तीनच्या रेघेवर दुसरी, मधला तुकडा उचला. हा कागद आठवडाभर टेबलावर ठेवा. मी नवीन मुलांना सगळ्यात आधी हाच काढायला लावतो. ज्यांनी टाळाटाळ केली ते सहा महिन्यांनीही ‘एक वजा करायचा की नाही’ करत बसलेले बघितलेत.

या पद्धतीचा हिशेब सोपा असतो. शेवटातून सुरुवात वजा केली की तुकड्याची लांबी मिळते. [०:३] तीन, [३:६] तीन. एकाचा शेवट तीच दुसऱ्याची सुरुवात, त्यामुळे तुकडे पुन्हा जोडले की मूळ स्ट्रिंग जशीच्या तशी मिळते. मध्ये काही सांडत नाही, काही दोनदा येत नाही. मोजणी शून्यापासून का असावी यावर डच संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९८२ साली एक छोटं टिपण लिहिलं होतं, त्यातला युक्तिवाद साधारण हाच आहे. पायथॉन आलं १९९१ साली आणि त्याने हीच रीत घेतली.

पायरी २: कंसातली एखादी बाजू रिकामी सोडा

सुरुवातीपासूनच कापायचं असेल तर शून्य लिहायची गरज नाही. शेवटपर्यंत हवं असेल तर शेवटही लिहू नका.

पिन[:३] → '४१३'
पिन[३:] → '००१'
पिन[-३:] → '००१'

उणे आकडा म्हणजे टेप उलट्या टोकाला लावून मोजणं. शेवटचे तीन हवेत, मग स्ट्रिंग कितीही लांब असो, [-३:] चालतं. मधली दोन टिंबं (:) न लावता एकच आकडा दिला तर एकच अक्षर मिळतं. पिन[०] म्हणजे '४'.

पिनच्या या तुकड्यांना अर्थ आहे, म्हणून सरावाला तो चांगला. १५ ऑगस्ट १९७२ ला ही पद्धत सुरू झाली. पहिला आकडा विभागाचा. ४ मध्ये महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड येतात. पहिले तीन मिळून टपाल छाननीचा जिल्हा, शेवटचे तीन म्हणजे नेमकं टपाल कार्यालय. पण इथे एक खड्डा आहे. ४१३ दिसलं की सोलापूर जिल्हा, असं गृहीत धरून मी एकदा गिऱ्हाइकांची यादी वेगळी केली, आणि सोलापूरच्या ढिगात बारामती नि लातूरवाले येऊन बसले. बारामतीचा पिन ४१३१०२, लातूरचा ४१३५१२. टपालाचा जिल्हा आणि महसुली जिल्हा एक नसतो. तुकडा बरोबर कापला होता, अर्थ चुकीचा लावला होता.

जीएसटी नंबरवरही हात साफ करून घ्या. पंधरा अक्षरं: पहिली दोन राज्याची, महाराष्ट्राची २७; पुढची दहा म्हणजे पॅन. म्हणजे राज्य [:२] आणि पॅन [२:१२]. बारा वजा दोन दहा, जमलं. बँकेचा आयएफएससी अकरा अक्षरांचा, पहिली चार बँकेची, पाचवं नेहमी शून्य, उरलेली सहा शाखेची. त्याचे तुकडे कसे पाडायचे ते आता तुम्हीच लिहा. टॉवेलवाल्यांसाठी आणखी एक: मालाच्या वर्गवारीचा एचएसएन कोड ६३०२६०, यात सुती टेरी कापडाचे टॉवेल येतात. [:२] केलं की प्रकरण ६३, [:४] केलं की शीर्षक ६३०२.

दोन बारीक गोष्टी इथेच सांगून टाकतो. तुकडा काढल्याने मूळ स्ट्रिंगला काही होत नाही. कापड कापलं की कमी होतं, स्ट्रिंग मात्र अखंड राहते आणि तुकडा नवा मिळतो. म्हणून तो कुठेतरी ठेवा: जिल्हा = पिन[:३]. नुसतं पिन[:३] लिहून ‘पिन बदलला का नाही’ म्हणून बघत बसू नका. दुसरी गोष्ट, पिन, फोन, कोड हे नेहमी अवतरणचिन्हांत ठेवा, आकडा म्हणून नको. सोलापूरचा एसटीडी कोड ०२१७ आकड्यात बदललात की पुढचं शून्य गळतं, उरतं २१७, आणि मग [:१] मागितलं तरी शून्य कुठून मिळणार.

पायरी ३: खुणेवरून कापा

पिन, जीएसटी नंबर यांची लांबी ठरलेली. गावांची नावं तशी नसतात. आमच्या चलनावरची ओळ अशी असायची: तारीख, गाव, एचएसएन, नग.

चिठ्ठी = "२४०३१५-पंढरपूर-६३०२६०-०४८"

एचएसएन हवा म्हणून फटी मोजल्या, निघाल्या १५ आणि २१.

चिठ्ठी[१५:२१] → '६३०२६०'

झकास. मग पंढरपूरच्या जागी बार्शी आली आणि त्याच कोडने दिलं '३०२६०-'. मंगळवेढा आलं तेव्हा '-६३०२६'. गावाचं नाव लहानमोठं झालं की पुढचं सगळं सरकतं. अशा ठिकाणी आकडे मोजणं सोडा, मधल्या खुणेवरून कापा:

भाग = चिठ्ठी.स्प्लिट("-")

आता भाग ही चार तुकड्यांची यादी. भाग[०] तारीख, भाग[१] गाव, भाग[२] एचएसएन, भाग[-१] नग. यादीलाही टेप शून्यापासूनच लागते. तारीख सहा आकड्यांची ठरलेली, तिच्यावर मात्र पायरी १ लावा: तारीख[:२] साल, [२:४] महिना, [४:] दिवस. खऱ्या कामात असंच होतं, आधी खुणेवर तोडायचं, मग ठरलेल्या लांबीचे तुकडे मोजून घ्यायचे.

स्प्लिट नको असेल, एखादीच जागा शोधायची असेल, तर फाइंड. चिठ्ठी.फाइंड("-") विचारलं की पहिल्या रेघेची जागा येते, ६. दुसरी शोधायला कुठून पुढे बघायचं तेही सांगा:

पहिली = चिठ्ठी.फाइंड("-")
दुसरी = चिठ्ठी.फाइंड("-", पहिली + १)
चिठ्ठी[पहिली + १:दुसरी] → 'पंढरपूर'

फाइंडचा एक दगा मात्र फार वाईट. खूण सापडली नाही तर तो ओरडत नाही, गपचूप -१ देतो. आणि कंसात -१ म्हणजे काय ते पायरी २ मध्ये पाहिलंच: शेवटून एक. एखाद्या चलनावर कुणी रेघ न घालता नुसतं "पंढरपूर" लिहिलं असेल आणि तुमचा कोड ‘रेघेच्या आधीचं सगळं दे’ म्हणत असेल, तर उत्तर येतं 'पंढरपू'. एरर नाही, सूचना नाही, शेपूट तोडलेलं नाव सरळ छापून जातं. अशा वेळी पार्टिशन वापरा. तो तीन तुकडे देतो: खुणेआधीचं, खूण आणि खुणेनंतरचं. खूण नसेल तर सगळा मजकूर पहिल्या तुकड्यात अख्खा राहतो आणि बाकीचे दोन रिकामे येतात. नवशिक्यांच्या पुस्तकांत याला जागा कमी मिळते, मला तो फाइंडपेक्षा भरवशाचा वाटतो.

खूण डोळ्याला दिसते तीच असेल असंही समजू नका. वर्डमध्ये टाइप केलं की साध्या रेघेची कधीकधी लांब रेघ होते. स्प्लिटला ती वेगळी. यादीत चारऐवजी एकच तुकडा आला तर आधी हा संशय घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून चिकटवलेल्या मजकुराच्या पुढेमागे रिकामी जागाही येते. ती काढायला .स्ट्रिप() आधी लावा, कापाकापी नंतर.

पायरी ४: पुढचं ‘मु.पो.’ कसं काढायचं

पत्त्यांत ‘मु.पो.’ असतंच. ते काढून नुसतं गाव हवं. शोधाशोध करून बरेच जण एलस्ट्रिपपर्यंत पोचतात, कारण नावावरून तोच डावीकडचं काढणारा वाटतो.

"मु.पो.मोहोळ".एलस्ट्रिप("मु.पो.")

उत्तर: 'होळ'.

मोहोळचं ‘मो’ गेलं कुठे? एलस्ट्रिपला दिलेला मजकूर तो शब्द म्हणून घेतच नाही, सुट्या चिन्हांची पिशवी म्हणून घेतो. म, उकार, टिंब, प, ओकार. डावीकडून यातलं जे जे भेटेल ते खात सुटतो आणि पिशवीत नसलेलं ह भेटलं तिथे थांबतो. मोहोळच्या सुरुवातीचे म आणि ओकार पिशवीत होतेच, तेही खाल्ले. बार्शीवर हाच कोड बरोबर चालतो, अक्कलकोटवर चालतो, म्हणून चूक महिनोन्‌महिने लपून राहते.

याला नेमकं औषध पायथॉन ३.९ पासून, म्हणजे २०२० पासून आहे, नाव रिमूव्हप्रीफिक्स. ते दिलेला मजकूर सुरुवातीला तसाच्या तसा असेल तरच काढतं, नसेल तर हात लावत नाही. "मु.पो.मोहोळ".रिमूव्हप्रीफिक्स("मु.पो.") दिलं की 'मोहोळ' मिळतं.

पायरी ५: मराठीत एक अक्षर म्हणजे एक खाना नव्हे

आता त्या लेबलांकडे. बार्शी या नावात अक्षरं किती? तिसरीतलं पोर सांगेल, दोन: बा आणि र्शी. पायथॉनला विचारा:

लेन("बार्शी") → ६

सहा कशी? उघडून बघा. लिस्ट("बार्शी") लिहिलं की एकेक खाना वेगळा दिसतो: ब, मग काना, मग र, मग हलन्त, मग श, मग दीर्घ वेलांटी. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर जगातल्या लिप्या साठवायच्या पद्धतीत, व्यंजन वेगळं साठवतात आणि काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त हे सगळे आपापल्या खान्यात. पडद्यावर ते एकमेकांना चिकटून सुबक अक्षर होतं ते फॉन्टमुळे. साठवणीत मात्र ते रांगेत उभे असतात.

मग [:३] म्हणजे ब, काना, र. ‘बार’. रफार होऊन श वर चढायचं ते र, हलन्त आणि श मागे राहिल्याने सरळ उभं राहिलं. मोहोळचं म, ओकार, ह, म्हणून ‘मोह’. करमाळ्याचं क, र, म. अक्कलकोटचं अ, क, हलन्त, म्हणून ती उचकी. मंगळवेढा ‘मंग’ झालं, पंढरपूर ‘पंढ’, सांगोल्याचं स, काना, अनुस्वार मिळून ‘सां’. प्रत्येक लेबलावर खाने तीनच होते, अक्षरं कधी एक, कधी दोन, कधी तीन.

गंमत म्हणून स्ट्रिंग उलटीही करून बघा. "बार्शी"[::-१] दिलं की सुरुवातीला एक लोंबकळणारी वेलांटी येते आणि तिच्यामागे ‘श्राब’. आधी बार, मग हे. अण्णांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, संगणकाला बार्शीवाल्यांचा काहीतरी राग दिसतोय.

ही अडचण पायथॉनपुरती नाही. एक्सेलच्या लेफ्टला बार्शीतली तीन अक्षरं मागा, तेही ‘बार’च देईल. तेलुगू आणि कन्नडमध्येही हेच घडतं, आणि सोलापुरात गिऱ्हाइकांची नावं या दोन्ही लिप्यांत येऊ शकतात, तेव्हा लक्षात असू द्या.

दिसणाऱ्या अक्षरांनी मोजायचंच असेल तर पायथॉनसाठी रेजेक्स नावाचं वेगळं पॅकेज मिळतं. पायथॉनसोबत येणारं नेहमीचं आरई नव्हे, त्याला हे येत नाही. रेजेक्समध्ये उलटी तिरकी रेघ आणि कॅपिटल एक्स अशी खूण दिली की ते काना-मात्रा मूळ अक्षरापासून तोडत नाही. पण जोडाक्षराचा घोळ उरतोच. जुन्या नियमाने चालणारी साधनं बार्शीचे तीन तुकडे करतात: बा, र्, शी. देवनागरीत हलन्ताने जोडलेलं अक्षर एकत्र ठेवायचा नियम युनिकोडमध्ये १५.१ या आवृत्तीत, २०२३ साली आला. म्हणून कुठलंही साधन घेतलं तरी आधी बार्शीवर चालवून बघा. दोन तुकडे आले तर नवा नियम, तीन आले तर जुना.

माझं मत विचाराल तर गावाचं नाव कापूच नका. रेल्वेही कापत नाही. सोलापूरचा स्टेशन कोड एसयूआर, पंढरपूरचा पीव्हीआर, कुर्डुवाडीचा केडब्ल्यूव्ही. पहिली तीन अक्षरं असा काही नियम त्यात नाही, कुणीतरी बसून तक्ता ठरवलाय. जिल्ह्यात तालुके अकरा. अकरा नावांचा तक्ता पायथॉनच्या डिक्शनरीत, म्हणजे नाव आणि त्याचा कोड अशा जोड्यांच्या यादीत, लिहायला पाच मिनिटं लागतात आणि तो कायम बरोबर चालतो. मी तसा तक्ता लिहिलाही, अभिमानाने अण्णांना दाखवला. त्यांनी लेबल उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, “फॉन्ट थोडा बारीक केला तर अख्खं नाव बसतंय की, सर.” बसलं.

सारखं दिसतं, पण सारखं नसतं

मराठीचा आणखी एक खास घोळ, कऱ्हाडच्या पार्सलांमुळे कळलेला. ‘कऱ्हाड’ मधला अर्धा र दोन-तीन तऱ्हांनी टाइप होतो. कुणाच्या कीबोर्डवर नुक्ता, म्हणजे खाली टिंब, असलेला ऱ एकच खाना असतो, कुणाकडे र आणि नुक्ता असे दोन खाने, तर कुणी र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारं जोडचिन्ह घालतं. पडद्यावर तिन्ही तंतोतंत सारखे. पायथॉनला तिन्ही वेगळे. मग फाइंड -१ देतो, तक्त्यात नाव सापडत नाही, आणि तुम्ही डोळे चोळत बसता.

पहिल्या दोन तऱ्हा एक करायला युनिकोडडेटा नावाचं पायथॉनसोबतच येणारं मॉड्यूल आहे. त्यातलं नॉर्मलाइझ, एनएफसी पद्धतीने, यादीतल्या नावांना आणि तक्त्यातल्या नावांना दोन्हीकडे लावा. एकाच बाजूला लावून उपयोग नाही. न दिसणाऱ्या जोडचिन्हाची तऱ्हा त्याने सुधारत नाही. तिथे रिप्लेस वापरून र, हलन्त आणि जोडचिन्ह या तीन खान्यांच्या जागी ऱ आणि हलन्त घाला. संशय आला की लेन विचारा. तीन मित्रांकडून कऱ्हाड टाइप करून घ्या आणि लांबी बघा: सहा किंवा सात येते.

दुसऱ्या साधनांत जाताना

एक्सेलच्या मिडमध्ये मोजणी १ पासून, आणि तिसरा आकडा शेवटाचा नसून ‘किती अक्षरं’ याचा. पिनचे शेवटचे तीन तिथे ४ पासून ३ असे मागायचे. डेटाबेससाठीच्या एसक्यूएल आणि मजकूर चाळायच्या ऑक या भाषांमधल्या सबस्ट्रचंही तेच, एकपासून आणि किती. जावास्क्रिप्टमधला स्लाइस पायथॉनसारखा, शून्यापासून, शेवटची फट धरून. एका साधनाचे आकडे दुसऱ्यात जसेच्या तसे नेले की हमखास एक अक्षर इकडेतिकडे होतं.

पायथॉन तुकडा काढताना लांबीपलीकडे गेलात तरी रागावत नाही. "माढा"[:१०] दिलं तर गुमान अख्खं 'माढा' येतं. पण एकच खाना मागताना, म्हणजे "माढा"[१०], लगेच इंडेक्स एरर. रिकाम्या स्ट्रिंगचंही तसंच: [:३] दिलं तर रिकामी स्ट्रिंग परत, [०] दिलं तर एरर.

कोड लिहून झाला की खऱ्या यादीवर सोडण्याआधी एवढ्या नावांवर चालवा: बार्शी, मंगळवेढा, कऱ्हाड, मु.पो.मोहोळ, रेघ नसलेलं नुसतं पंढरपूर, पुढे रिकामी जागा असलेलं माढा, आणि एक पूर्ण रिकामी ओळ. रिकामी ओळ मुद्दाम ठेवा, यादीच्या तळाशी ती कुणीतरी एंटर दाबून सोडलेलीच असते.